कुलूप लावू की झोळी पसरू?

प्रश्न : नमस्कार. गेली सहा वर्षं दर शुक्रवारी मी एक ईमेल पाठवते. त्या आठवड्याच्या आकाशात काय बघायचं, चंद्र कुठे, कोणता ग्रह किती वाजता, दुर्बीण असेल तर काय आणि नसेल तर काय, एवढंच त्यात असतं. सोबत हाताने काढलेला एक नकाशा. सुरुवातीला घरचे आणि मैत्रिणी मिळून चाळीस-पन्नास जण होते. आज यादीत ४,००० नावं आहेत. एका अंकामागे दोन संध्याकाळी आणि एक अख्खी दुपार जाते. यजमान म्हणतात, आता पैसे लाव. मला तो विषय काढायचीच लाज वाटते. आकाश काय माझ्या मालकीचं आहे? शिवाय पूर्वी लोक पेपरला, मासिकाला पैसे मोजायचे, आता सगळ्यांना सगळं फुकट हवं असतं. माझा अंक पीडीएफ होऊन कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरतो. हल्ली तर एआय चॅटबॉटच्या उत्तरात माझीच वाक्यं येतात, असं एका वाचकाने दाखवलं. एकजण म्हणतात, वर्गणी नको, अंकागणिक किरकोळ रक्कम घ्या. दुसरे म्हणतात, यूट्यूबवर या, जाहिरातींचे पैसे मिळतील. आणि खरं सांगायचं तर मी स्वतः कशालाच पैसे देत नाही. पेपरची पीडीएफ ग्रुपवर येते, ओटीटीला भावाचा पासवर्ड आहे. मग मी कुठल्या तोंडाने मागू? कुलूप लावू, की ‘यथाशक्ती द्या’ म्हणून झोळी पसरू?
— आकाशवेडी

उत्तर : पैसे मागा. झोळी पसरू नका, आणि कुलूप लावायचंच असेल तर ते अख्ख्या घराला न लावता एका कपाटाला लावा. कोणत्या कपाटाला, ते पुढे सांगते.

मालकीचा मुद्दा आधी हातावेगळा करू, कारण तो लहान आहे. गणिताच्या शिक्षकांना कुणी विचारत नाही की पायथागोरसचा सिद्धांत तुमच्या मालकीचा आहे का. तुम्ही आकाश विकत नाही आहात.

‘पूर्वी लोक पैसे मोजायचे’ हे वाक्य मात्र जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण तुमच्या लाजेचं मूळ तिथे आहे. तुम्हाला वाटतं, लोकांची एक चांगली सवय सुटली आणि आता ती पुन्हा लावण्याचं ओझं तुमच्या डोक्यावर आलं. पण ती सवय तशी कधी नव्हतीच. १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे यांनी ‘द सन’ नावाचं दैनिक काढलं आणि ते एका सेंटला विकायला सुरुवात केली. त्या वेळी तिथली इतर दैनिकं सहा सेंटला मिळत. उरलेला खर्च जाहिरातदार भरून काढणार, हा डे यांचा हिशेब. पुढे दीडशेहून अधिक वर्षं जगभरच्या वृत्तपत्रांनी कमी-अधिक फरकाने तोच हिशेब चालवला. वाचक जे पैसे देत होता, त्यात फार तर कागद आणि तो दारात आणून टाकणारा माणूस भागत असेल. बातमीदाराचा पगार, दूरदेशी नेमलेला प्रतिनिधी, महिना-महिना एका प्रकरणामागे लागलेली मंडळी, हे सगळं दुकानदारांच्या आणि छोट्या जाहिरातींच्या जिवावर चालायचं. घर भाड्याने देणे आहे, कारकून पाहिजे, जुनी सायकल विकणे आहे. लोकांना गंमत वाटेल, पण लोकशाहीचा चौथा खांब बऱ्याच अंशी जुन्या सायकलींवर उभा होता.

मग १९९४च्या ऑक्टोबरमध्ये हॉटवायर्ड या संकेतस्थळावर वेबवरच्या पहिल्या बॅनर जाहिराती झळकल्या. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत क्रेग न्यूमार्क नावाच्या गृहस्थांनी मित्रमंडळींना गावातल्या कार्यक्रमांची माहिती देणारा ईमेल पाठवायला सुरुवात केली. सुरुवात तुमच्यासारखीच. त्या ईमेलचं पुढे क्रेगलिस्ट झालं, आणि ज्या छोट्या जाहिरातींसाठी वृत्तपत्रं ओळीगणिक पैसे घेत, त्या बहुतेक फुकट लागू लागल्या. मोठ्या जाहिरातदारांचा पैसा हळूहळू गूगल आणि फेसबुककडे गेला. आणखी एक गोष्ट झाली, ती कमी बोलली जाते. पेपर हा एक गठ्ठा होता. कुणी तो शब्दकोड्यासाठी घ्यायचा, कुणी खेळाच्या पानासाठी, कुणी नोकऱ्यांसाठी, आणि सगळ्यांच्या पैशांतून अग्रलेखही निघायचा. इंटरनेटने गठ्ठा सोडला. ज्याला जे हवं ते त्याला सुटं मिळू लागलं. अग्रलेख एकटा पडला.

म्हणजे वाचकाने लिखाणाचा पूर्ण खर्च उचलावा, ही मागणीच नवी आहे, जेमतेम पंधरा-वीस वर्षांची. देणाऱ्यालाही ती नवी आणि मागणाऱ्यालाही. तुमचे वाचक बिघडलेले नाहीत. त्यांना अजून कुणी नीट विचारलेलं नाही, एवढंच.

याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे, तो भावाचा पासवर्ड. नेटफ्लिक्सने वर्षानुवर्षं पासवर्ड वाटून घेण्याकडे कानाडोळा केला. २०२२च्या पहिल्या तिमाहीत ग्राहक घटले, तसा सूर बदलला. मे २०२३मध्ये अमेरिकेसह बऱ्याच देशांत घराबाहेरच्यांनी वापरायचं तर वेगळे पैसे, असा नियम आला. लोक संतापले, आता सोडतोच म्हणाले. प्रत्यक्षात त्यानंतर ग्राहक वाढले. उसना पासवर्ड वापरणाऱ्यांतल्या कित्येकांनी मुकाट स्वतःचं खातं काढलं. ते चोर होते आणि एका रात्रीत सुधारले, असं काही घडलं नाही. त्यांच्यापुढे तोवर प्रश्नच आला नव्हता. तुमच्या पीडीएफ वाचणाऱ्या ग्रुपांतही असे लोक असणार.

म्हणून पहिलं काम तुम्हाला देते, आणि हे वाचकांना पत्र लिहिण्याआधी करा. जी गोष्ट उद्या बंद झाली तर तुम्हाला खरोखर चुकचुकल्यासारखं होईल अशी एक गोष्ट निवडा, पेपर असो, पॉडकास्ट असो, कुणाचं न्यूजलेटर असो, आणि तिची वर्षाची वर्गणी भरा. यात नैतिक शुद्धीचा भाग थोडा आहे, नाही असं नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. स्वतः एकदा पैसे मोजले की मागताना मान खाली घालावी लागत नाही. पण माझा मतलब वेगळा आहे. पैसे भरताना स्वतःकडे लक्ष ठेवा. हात कुठे अडखळला? रकमेवर, की ‘आधी खातं उघडा’ या पानावर? कार्डाचा नंबर टाकताना मनात काय आलं? वर्गणी बंद करायचं बटण कुठे आहे ते भरण्याआधी दिसलं का? पहिल्या महिन्यात तुम्ही त्यातलं किती वाचलं, आणि न वाचलेल्या अंकांमुळे अपराधी वाटलं का? हे सगळं एका कागदावर टिपून ठेवा. तुमचे वर्गणीदारही त्याच जागी अडखळणार आहेत.

आता अंकागणिक किरकोळ रक्कम. ही सूचना करणारे सज्जन आहेत आणि त्यांच्यासारखे पुष्कळ झाले. वेबच्या नियमावलीतच याची जागा राखून ठेवलेली आहे. पान सापडलं नाही की ४०४ दिसतो ना, तसा ४०२ क्रमांकाचा संदेश आहे, ‘पैसे भरा’ असं सांगणारा. नव्वदच्या दशकापासून तो ‘पुढे वापरासाठी राखीव’ म्हणून नुसता पडून राहिला. नेदरलँड्समध्ये ब्लेंडल नावाच्या कंपनीने २०१४ साली सुटे लेख विकायला सुरुवात केली, मोठमोठी वृत्तपत्रं त्यात सामील झाली, लेख आवडला नाही तर पैसे परत मिळायचे. २०१९मध्ये त्यांनी सुटी विक्री बंद करून वर्गणीचा मार्ग धरला. अडचण रकमेत नसते. दर वेळी ‘हा लेख एवढ्याच्या लायकीचा आहे का’ हे न वाचताच ठरवावं लागतं, आणि तो विचार करण्याचा त्रास रकमेपेक्षा मोठा असतो. तुमचा वाचक शुक्रवारी संध्याकाळी ईमेल उघडतो, तेव्हा त्याला आभाळ बघायचंय, खरेदी करायची नाही. वर्षातून एकदा ठरवू द्या आणि मग वर्षभर त्याला सुखाने राहू द्या.

यूट्यूबबद्दल मी जरा कडवट बोलणार आहे. तिथल्या जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा तर १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहणी झालेली असावी लागते. आखूड व्हिडिओ करणाऱ्यांना वेगळा निकष आहे. हे जमलं तर लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के करणाऱ्याला मिळतात. वाटा वाईट नाही. पण जाहिरातीचा पैसा आकड्यांना मिळतो, आणि आकडे कशाने वाढतात ते तुम्ही दोन महिन्यांत शिकाल. पहिल्या महिन्यात ‘शनीची कडी कशी पाहावीत’, दुसऱ्या महिन्यात ‘शनीची कडी नाहीशी होणार?’, आणि सहाव्या महिन्यात एक लघुग्रह पृथ्वीच्या रोखाने येत असेल आणि लाल बाण दाखवणाऱ्या चित्रात तोंडावर हात ठेवलेल्या तुम्ही असाल. ज्यांना हे मानवतं त्यांनी करावं. तुम्ही पाठवलेला अंक वाचून तुम्हाला ते मानवेल असं वाटत नाही.

संगीतवाल्यांचं हेच झालं आहे. १९९९मध्ये लोकांना इंटरनेटवरून एकमेकांची गाणी उतरवून घेऊ देणारं नॅपस्टर आलं आणि गाणी फुकट झाली. २००१मध्ये न्यायालयाच्या आदेशापुढे ते बंद पडलं, तरी गाणी फुकटच राहिली. २००३च्या एप्रिलमध्ये ॲपलने ९९ सेंटला एक गाणं विकायला काढलं आणि लोकांनी ते विकत घेतलं, कारण चोरी करण्यापेक्षा ते सोपं होतं. २००९मध्ये ॲपलने त्या गाण्यांवरची कॉपी-बंदीची कुलपंही काढून टाकली. इथवर कथा छान आहे. पुढे स्ट्रीमिंग आलं, आणि ऐकणाऱ्यांची सगळी वर्गणी एका हौदात जाऊ लागली, तिथून एकूण ऐकलं जाण्याच्या प्रमाणात वाटप. म्हणजे तुम्ही महिनाभर एकाच अनवट गायिकेला ऐकलंत, तरी तुमच्या पैशांचा मोठा भाग जगात सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्यांकडे जातो. स्पॉटिफायने तर २०२४पासून वर्षाला १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचे पैसे देणंच थांबवलं. हौद मोठ्यांसाठी ठीक असतो. चार हजारांच्या यादीने हौदात उतरू नये. थेट वाचकाच्या हातून घ्यावे.

आता कुलूप. याबाबत मोठ्यांनीही आधी ठेचा खाल्ल्यात. न्यूयॉर्क टाइम्सने २००५ साली स्तंभलेखकांचे लेख पैशांमागे नेले आणि बातम्या मोकळ्या ठेवल्या. दोनच वर्षांत ते कुलूप काढलं, कारण शोधयंत्रातून येणारा वाचक दारातून परत जात होता. २०११मध्ये त्यांनी पुन्हा लावलं, पण वेगळ्या रीतीने : महिन्याला २० लेख मोकळे, त्यापुढे पैसे. म्हणजे सवय लागेपर्यंत दार उघडं. फ्रान्समधल्या मेदियापार्ट या बातम्यांच्या संकेतस्थळाने २००८ साली नेमकं उलट केलं, पहिल्या दिवसापासून वर्गणी आणि जाहिरात एकही नाही. लोक त्यांना वेड्यात काढत होते. ते शोधपत्रकारितेवर टिकले आणि नफ्यात आले. ब्रिटनच्या गार्डियनने कुलूपच नको म्हटलं, प्रत्येक लेखाखाली विनंती लिहिली, आणि दहा लाखांहून अधिक लोकांनी पैसे दिले. तिघांचे मार्ग तीन, तिघेही उभे आहेत. तेव्हा पेवॉल, म्हणजे पैशांचं हे कुलूप, चांगली की वाईट हा वाद घालणाऱ्यांना खुशाल घालू द्या. आपल्या हातात असं काय आहे जे दुसरीकडे मिळत नाही, हे तिघांनाही शेवटी नीट कळलं होतं.

तुमच्या हातात काय आहे? तुम्ही पत्रासोबत जोडलेला अंक घेऊ. देवयानी दीर्घिका शोधायला तुम्ही असं सांगितलं आहे : भाद्रपदा चौकोनाचा जो कोपरा शर्मिष्ठेच्या बाजूला आहे तिथून निघा, तारे मोजत दुसऱ्या ठळक ताऱ्यावर या, तिथे काटकोनात वळा, दोन मंद तारे चढा, आणि आता थेट रोखून बघू नका, नजर किंचित बाजूला ठेवा, म्हणजे धुरकट ठिपका आपणहून दिसेल. त्याखाली एक ओळ : ‘गुरुवारी चंद्र उशिरा उगवतो, तेवढी दीड तासाची फट आहे. त्याआधी डोळ्यांना वीस मिनिटं अंधार द्या आणि फोन घरात ठेवा.’

या दीर्घिकेचे अंक-अंश कुठल्याही मोफत ॲपमध्ये मिळतात. स्टेलेरियम फुकट आहे आणि उत्तम आहे. २५ लाख प्रकाशवर्षांचं अंतरही कुणीही सांगेल. पण ‘गुरुवारी दीड तासाची फट’ हे कुणीतरी आपल्यासाठी बसून, पंचांग आणि आभाळ दोन्ही बघून निवडलेलं आहे. १९८४ साली हॅकर मंडळींच्या एका परिषदेत स्टुअर्ट ब्रँड म्हणाले होते, माहितीला फुकट व्हायचं असतं. हे वाक्य जगभर झालं. त्याच दमात ते हेही म्हणाले होते की माहितीला महागही व्हायचं असतं, कारण योग्य जागी मिळालेली माहिती आयुष्य बदलते. तो अर्धा भाग सोयीस्करपणे गळाला. तुमचा अंक दुसऱ्या अर्ध्यात मोडतो.

तर माझी सूचना अशी. शुक्रवारचा अंक आहे तसा, सगळ्यांना, मोकळा राहू द्या. नवा माणूस त्यातूनच येतो. २ ऑगस्ट २०२७ला सहा मिनिटांहून अधिक लांबीचं खग्रास सूर्यग्रहण आहे, त्याआधीच्या महिन्यात लोक ग्रहणाबद्दल शोधत सुटतील. त्या वेळी दारावर कुलूप असेल तर तुमच्यासारखी वेडी तुम्हीच. कुलूप नकाशांच्या कपाटाला लावा. ग्रह आणि चंद्र दर वर्षी जागा बदलतात, तारे मात्र त्याच महिन्यात त्याच वेळी तिथेच येतात. सहा वर्षांत तुम्ही काढलेल्या नकाशांतून दर महिन्याचा सर्वांत चांगला निवडा, ग्रह पुसा, बारा नकाशांचा मोठ्या आकारात छापता येईल असा संच करा. तो फक्त वर्गणीदारांना. काम एकदाच करायचं आहे, हे महत्त्वाचं. वर्गणीच्या बदल्यात दर आठवड्याला जादा अंक, महिन्याला ऑनलाइन गप्पा, वैयक्तिक प्रश्नोत्तरं असली वचनं हौसेने देऊन पुष्कळ चांगली न्यूजलेटरं दमून बंद पडतात. तुमच्या दोन संध्याकाळींच्या चार होता कामा नयेत. आणि लोक नकाशांसाठी पैसे देतील असंही धरू नका. बहुतेक जण ‘हे चालू राहावं’ म्हणून देतील, नकाशे हे त्यांना घरी सांगायला एक कारण.

हिशेब बघू. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४च्या पाहणीत वीस सधन देशांतल्या १००पैकी १७ जणांनी वर्षभरात ऑनलाइन बातम्यांसाठी काहीतरी पैसे दिल्याचं सांगितलं. तेही जगातल्या सगळ्या वृत्तपत्रांना मिळून. तुमच्यासाठी मी १००त ३ धरते. ४,०००त १२०. वर्षाची वर्गणी १०० एकक धरली तर १२,०००. सबस्टॅकसारखा न्यूजलेटर पाठवायचा मंच १० टक्के कापतो, १,२०० गेले. पैसे भरून घेणाऱ्या यंत्रणेचे तीन-चार टक्के, आणखी साधारण ४००. हातात १०,४००. वर्षाचे ५२ अंक, म्हणजे अंकामागे २००. थोडक्यात, दोन संध्याकाळी आणि एका दुपारीचा मोबदला दोन माणसांची वार्षिक वर्गणी. वर्गणीचा आकडा ठरवताना हाच प्रश्न विचारा : कोणत्या रकमेच्या दुपटीला मी ही दुपार दिली तर रडणार नाही? बहुतेक लिहिणारे लाजेपोटी पहिला आकडा फार खाली लावतात आणि नंतर वाढवताना दुप्पट लाजतात. नोकरी असेल तर ती सोडायचा विचार या वर्षी नको. पत्रात तसं काही नाही, तरी सांगून ठेवते.

बारीकसारीक दोन-तीन गोष्टी. वर्गणी वार्षिकच ठेवा. महिन्याची ठेवलीत तर माणूस वर्षातून बारा वेळा सोडायचा विचार करतो. ५२ अंकांचं वचन देऊ नका, ४६ म्हणा. आजारपण, प्रवास, ढगाळ महिना, सगळं त्यात बसतं. वर्गणीचा दुवा ईमेलमधून थेट वेब पानावर न्या, कारण फोनमधल्या ॲपच्या आत पैसे भरले गेले की ॲपल ३० टक्क्यांपर्यंत वाटा घेऊ शकतं. बंद करायचं बटण ठळक ठेवा, ज्याला जाता येतं तो निर्धास्त येतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ईमेल पत्त्यांची यादी दर महिन्याला उतरवून स्वतःच्या संगणकावर ठेवा. फेब्रुवारी २०२१मध्ये फेसबुकने ऑस्ट्रेलियात आणि ऑगस्ट २०२३पासून मेटाने, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीने, कॅनडात बातम्या दाखवणंच बंद केलं, सरकारशी पैशांवरून भांडण झालं म्हणून. ज्यांचे वाचक फक्त तिथल्या पानावर होते, त्यांच्या हातात एका रात्रीत काही उरलं नाही. मंच बदलता येतो, यादी गेली तर सहा वर्षं गेली.

पीडीएफमागे धावू नका. प्रत्येक अंकाच्या तळाशी, नकाशाच्या आत, एक ओळ कायमची लिहा : ‘हा अंक तुम्हाला कुणी पाठवला असेल तर त्यांना धन्यवाद. पुढचा थेट हवा असेल तर इथे नाव नोंदवा.’ नकाशाच्या आत लिहिलं की कापून टाकता येत नाही. मग जितका फिरेल तितका फिरू दे.

चॅटबॉटचं दुखणं खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे समाधानकारक औषध नाही. डिसेंबर २०२३मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयवर आणि मायक्रोसॉफ्टवर दावा ठोकला. त्याच वर्षी जुलैत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ओपनएआयशी करार करून आपला जुना मजकूर वापरायला दिला होता. दावा लावायला वकिलांची फौज लागते, करार करायला दीडशे-पावणेदोनशे वर्षांचं दप्तर लागतं. तुमच्याकडे दोन्ही नाही. २०२५मध्ये संकेतस्थळांची राखण करणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीने मजकूर उचलणाऱ्या यंत्रांकडूनच पैसे मागायची सोय आणली, आणि गंमत म्हणजे त्यासाठी तोच अडगळीतला ४०२ वापरला. एकट्यादुकट्या लिहिणाऱ्याच्या पदरात त्यातून काय पडेल यावर मी आज तरी बेत आखणार नाही. चॅटबॉट मागच्या वर्षीचं देवयानीचं वर्णन उचलेल. या गुरुवारची फट तुम्ही लिहीपर्यंत ती कुठे लिहिलेलीच नसते. त्यामुळे जुन्या अंकांवरून फार मनस्ताप करून घेऊ नका, त्या दोन संध्याकाळी तिथे जायला नकोत.

राहिलं वाचकांना सांगणं. इथे बहुतेक जण माती खातात. ताकाला जाऊन भांडं लपवतात, तीन परिच्छेद स्वतःच्या कष्टांचे लिहितात, मग ‘इच्छा असल्यास, शक्य असल्यास, कृपया गैरसमज नसावा’. तुम्ही एवढंच लिहा :

‘सहा वर्षं हा अंक मी मोफत पाठवते आहे. शुक्रवारचा अंक पुढेही मोफतच राहील. तो चालू राहावा असं वाटत असेल तर वर्षाची वर्गणी अमुक इतकी आहे. वर्गणीदारांना बारा महिन्यांच्या नकाशांचा संच मिळेल. वर्षाला ४६ अंक येतील. नको वाटलं तर या बटणाने कधीही बंद करता येईल. पुढच्या शुक्रवारी भेटू, शुक्र पहाटे दिसतोय.’

शेवटची माहिती तेव्हा खरी असेल ती घाला. हे पत्र वेगळं पाठवा, अंकाच्या पोटात दडवू नका. आठवड्याने एकदा आठवण द्या, मग तीन महिने विषय काढू नका. दोन-चार जण ‘आता तुम्हीही बाजारात उतरलात’ असं कळवतील. त्यांना उत्तर देऊ नका. त्यांचा अंक चालूच ठेवा.

वर्षाअखेर एक गोष्ट हमखास होईल. दहा-पंधरा वर्गणीदार काही न बोलता गळतील, आणि तुम्हाला वाटेल त्यांना कंटाळा आला. त्यातल्या बऱ्याच जणांच्या कार्डाची मुदत संपलेली असेल, बाकी काही नाही. अशा प्रत्येकाला एक साधं, हसतमुख पत्र जायला हवं, यंत्राने पाठवलेलं नव्हे. हे काम यजमानांकडे द्या. पैसे लाव असं त्यांनीच म्हटलं होतं ना?